एकविसावा दिवस चुकवू नका

मुंबईतल्या वाकोल्यासारख्या दाट वस्तीत घशाचा संसर्ग एका मुलाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या अशा संसर्गानंतर काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. हा ताप उलटू नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन साधारणपणे दर 21 दिवसांनी, अनेक वर्षे घ्यावे लागते. तारीख टळली की रक्तातले औषध ओसरते आणि संरक्षण सुटते. उलटलेला ताप आधीच्या इजेत भर घालतो. हृदयविकारावरच्या औषधांबाबतही नियमितपणा तितकाच महत्त्वाचा. प्रोप्रॅनोलॉल एकाएकी थांबवले तर ठोके आणि रक्तदाब उसळू शकतात. डिगॉक्सिनचा चुकलेला डोस दुप्पट देऊन भरून काढला तर विषबाधेचा धोका असतो. नियमितपणा हा उपचाराचाच भाग आहे.

‘मूल खेळते-बागडते, मग सुई कशाला?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण झडपेची इजा बराच काळ लक्षणांशिवाय वाढू शकते. रोजंदारी बुडते, हा आक्षेपही खरा आहे आणि त्यावर पालकांना दटावणे हे उत्तर नव्हे. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऱ्हुमॅटिक हृदयविकाराची तपासणी आहे. 2022 पासून मुंबईत पालिकेचा ‘आपला दवाखाना’ही आहे. पालिकेने या दोहोंची सांगड घालून तारखेचे कार्ड, आठवणीचा फोन आणि सोयीच्या वेळी, घराजवळ सुरक्षित इंजेक्शन द्यावे. पालकांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नये.