दुआही हवी, दवाही हवी

मानसोपचारतज्ज्ञांच्या मुलाखती मी मोबाइलवर आवडीने ऐकतो. तुम्हीही ऐकत असाल. पण घरातले कुणी महिनाभर धड झोपत नाही, बोलत नाही, तेव्हा आपण अशा तज्ज्ञाकडे जातो का? ‘नजर लागली’, ‘ईमान कच्चं आहे’ म्हणत तावीज बांधून मोकळे होतो.

ही इस्लामची शिकवण नव्हे. नवव्या शतकात जन्मलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. कारण असलेले दुःख आणि कारण न सापडणारी उदासी यांत त्यांनी तेव्हाच फरक केला होता.

आपण मात्र कुठे पोहोचलो? तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्यात शिफा मिळेल या आशेने लोक आपल्या मनोरुग्णांना आणत. ऑगस्ट २००१ मध्ये तिथल्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे होरपळून मेली.

दुआ जरूर करा. पण मधुमेहाला गोळी घेतो, तशी मनालाही दवा लागते. ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तज्ज्ञांचे ऐकून झाले. आता त्यांच्याशी आपले बोलूया.