थरथरत्या हातांचाही हक्क आहे!

११ एप्रिल ही महात्मा जोतीराव फुले यांची जयंती. हाच दिवस जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. १८१७ मध्ये या कंपवातावर निबंध लिहिणारे लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन १७५५ साली याच तारखेला जन्मले. गोरगरिबांना मताचा अधिकार मिळावा म्हणूनही त्यांनी लेखणी चालवली होती. आपण मात्र हा आजार बंगल्यात राहणाऱ्यांचा समजतो.

जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांत, ठाकरवाड्यांत हात थरथरला, पाय घासू लागला की ‘म्हातारपण आलं’ म्हणून सोडून देतात. कुणी दारूडा ठरवतो, कुणी अंगारा लावतो. खरे कारण मेंदूत आहे. डोपामिन तयार करणाऱ्या पेशी तिथे मरत जातात. पिकावर फवारल्या जाणाऱ्या पॅराक्वाटसारख्या विषाशी या आजाराचा संबंध संशोधनात दिसला आहे. आणि फवारणीचा पंप कुणाच्या पाठीवर असतो?

गोळ्यांनी हालचाल सुधारते, पण तोल आणि चाल टिकवायला व्यायाम लागतोच. जन्मभर राबलेल्याला व्यायाम कशाला, असे विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की भातलावणी आणि कांदालागवड माणसाला वाकवते आणि हा आजारही वाकवतो. पाठ ताठ ठेवणे, मोठी पावले टाकणे, वळताना तोल सांभाळणे हे शिकवावे लागते. पाय जागीच अडकला तर अंक मोजत, ठेक्यावर पाऊल टाकल्याने तो पुष्कळदा सुटतो. पुण्यात अशा रुग्णांसाठी नृत्यवर्ग भरले. आपल्याकडे भीमगीतांचा ठेका आहे! लेण्याद्रीच्या विहारांत राहणाऱ्या भिक्खूंनाही चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, महत्त्व ठाऊक होते. चालण्याने आजार कमी होतात, हे तथागतांनीच सांगितले आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पार्किन्सन्सला दिव्यांगत्व मानले आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना जवळच, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत उपचार देण्याची आणि पुनर्वसनाची जबाबदारी हा कायदा सरकारवर टाकतो. मग मजुरी बुडवून पुण्याला नव्वद किलोमीटर का जायचे? मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाचा व्यायामोपचार तज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात बसलाच पाहिजे. ही भीक नव्हे, हक्क आहे. त्यासाठी ग्रामसभेत ठराव करा, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज भरा.

आणि आपणही एक करू. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा खर्च थोडा कमी करून समाजमंदिरात चार मजबूत खुर्च्या आणि भिंतीला धरायला दांडा बसवू. ज्यांनी खांद्यावर निळा झेंडा वाहिला, त्या म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना अंथरुणाला खिळू देणे चळवळीला शोभत नाही.