मागचा गडी हाकेत हवा

मुंबई–अहमदाबाद महामार्गावर चारोटीहून तलासरीकडे जाताना ट्रकांच्या गर्दीत मागचा दुचाकीस्वार आरशातून कधी दिसेनासा होतो, कळतही नाही. दोघा-चौघांना हेल्मेटमधला ब्लूटूथ इंटरकॉम पुरतो. दहा-बारा जण असतील, तर सर्वांत पुढच्या आणि सर्वांत मागच्याकडे वॉकीटॉकी हवीच. घेताना ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा परवानामुक्त पट्टा तपासून घ्या. खोक्यावर छापलेले किलोमीटर मोकळ्या माळावरचे. कासा–जव्हार रस्त्यावर डोंगर आडवा आला की आवाज तुटतो. बोलायचं बटण डाव्या मुठीजवळ, हाताला सहज लागेल असं बसवा, माईकवर स्पंज लावा. बोलणं मोजकं ठेवा: ‘पुढे खड्डा’, ‘थांबतोय’. आणि आवाज तुटला, तर पुढच्याने सुरक्षित जागी थांबायचं, हे निघण्याआधीच ठरवा.