वादकाच्या कानाचा प्रश्न

'स्टेजवर निदान चार मॉनिटर हवेतच, त्याशिवाय कार्यक्रमाला उठाव येत नाही,' असे एका ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्या गृहस्थांनी गेल्या हिवाळ्यात आम्हाला ऐकवले. प्रसंग वसईतील एका लग्नाच्या स्वागतसमारंभाचा. आम्ही दोघे पेशाने मराठीचे अध्यापक. सुटीच्या दिवशी गिटार आणि कीबोर्ड वाजवतो. सोबत सॅक्सोफोन, ट्रंपेट, बास आणि ड्रम्स वाजवणारे चार ज्येष्ठ वादक असतात. त्यांतले सर्वांत तरुण अडुसष्ट वर्षांचे. या मंडळींचे तारुण्य मुंबईतील हॉटेले, जिमखाने आणि चर्चची पटांगणे येथील नृत्यवृंदांत गेले. त्या रात्री चार मॉनिटर लागले. दुसऱ्याच फॉक्सट्रॉटला सॅक्सोफोनवाले अंकल मध्येच थांबले. "मी सुरात आहे की नाही, मलाच कळत नाही," एवढेच म्हणाले. मध्यंतरात यजमानांचा एक पुतण्या जवळ आला आणि सहज बोलून गेला, "ट्रॅकमध्ये सॅक्स आहेच ना, अंकलना बसू द्या की."

हे वाक्य दुष्टपणाचे नव्हते, आणि म्हणूनच ते आम्हाला अधिक लागले. ज्याला स्वतःचे वाद्य ऐकू येत नाही तो चुकतो, चुकला की तो थकलेला ठरतो, आणि थकलेल्याच्या जागी ध्वनिमुद्रित ट्रॅक येतो. दोष यंत्रमांडणीचा; शिक्षा मात्र माणसाला.

हे वादक कोणत्या परंपरेतले आहेत? गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून मुंबईला आलेल्या पिढ्यांनी ती घडवली. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफर्ड यांसारखे आफ्रिकी-अमेरिकी वादक आले आणि त्यांच्या सहवासात येथील वृंदांना जॅझची गोडी लागली. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादा नाचले, सी. रामचंद्रांचे संगीत गाजले. त्या संगीतातील पाश्चात्त्य ठसक्यात अल्दोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा होता. आमची संगीतसमीक्षा मात्र संगीतकार आणि गायक यांच्यापाशीच थांबली. 'अमर अकबर अँथनी'तील (१९७७) गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचले. पण ते प्यारेलाल यांच्या व्हायोलिन-गुरूंचे नाव आहे, हे किती रसिकांना ठाऊक असते?

या परंपरेत आवाजाचा तोल वादकांच्या हाती असे. ट्रंपेटला म्यूट लावायचा की नाही, ड्रमवर काठी घ्यायची की ब्रश, सॅक्सोफोनने कोणत्या ओळीला उभे राहायचे, हे रचनेतच ठरलेले असे. गायकासमोर माइक असे आणि तो गाऊ लागला की बाकीचे आपोआप खाली येत. मॉनिटरांच्या गर्दीत हा शहाणपणा निरुपयोगी होतो. गिटारवाल्याला स्वतःचे ऐकू येत नाही म्हणून तो आवाज वाढवतो. त्याच्यामुळे ड्रमर जोरात मारतो. मग गायक मॉनिटर वाढवायला सांगतो. शेवटी माइक किंचाळतो. त्यात वाढत्या वयाबरोबर उंच पट्टीचे नाद आधी मंदावतात आणि गोंगाटातून एक स्वर वेगळा काढणे कठीण होते. म्हणजे या शर्यतीत पहिला बळी ज्येष्ठाचाच.

त्या रात्रीनंतर आम्ही सामान कमी केले. मॉनिटर काढून टाकले. दोन स्पीकर स्टँडवर, वृंदाच्या थोडे पुढे. माइक गायकापुरता, मोकळ्या पटांगणात सॅक्सोफोन-ट्रंपेट या जोडीला मिळून आणखी एक. बासचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर ड्रमरच्या शेजारी. ड्रम्समध्ये बास ड्रम, स्नेअर, हाय-हॅट आणि एक सिंबल. सगळे अर्धवर्तुळात, एकमेकांच्या चेहऱ्यावरचे भाव दिसतील इतके जवळ. सगळा संसार एका व्हॅनमध्ये मावतो. पुढच्याच लग्नात अंकलनी दोन फेऱ्या अधिक वाजवल्या आणि ट्रंपेटवाल्यांनी त्यांना न ठरवता उत्तर दिले. मागच्या टेबलांवरची माणसे एकमेकांशी न ओरडता बोलत होती. 'डीजेसारखा दणका नाही' अशी तक्रारही आली, ती आम्हाला मान्य आहे. दोन हजारांच्या मैदानाला ही मांडणी पुरणार नाही, हेही मान्य.

यावर आम्हाला यंत्रद्वेष्टे म्हणण्याची घाई कोणी करू नये. माइक नसता तर मराठी भावगीताचा हळुवार स्वर सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचलाच नसता. आमचा आक्षेप कानाची जागा घेणाऱ्या यंत्राला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आणले. शेजाऱ्याच्या झोपेचा विचार त्यात आहे, आणि तो योग्यच आहे. स्पीकरच्या दोन हातांवर बसून चार तास वाजवणाऱ्याचा विचार मात्र ना यजमान करतो, ना पुरवठादार, ना आम्ही लेखणीवाले.

आम्हा लेखणीवाल्यांचा अपराध तर दुहेरी आहे. ज्येष्ठ वादकांचे सत्कार आम्हीच घडवून आणतो, त्यांच्या गौरवपर लेखांत 'सुवर्णकाळ' हा शब्दही आम्हीच पेरतो. आणि शाल-श्रीफळ स्वीकारून सत्कारमूर्ती खुर्चीत बसले की मागे ट्रॅक सुरू होतो, तेव्हा टाळ्याही वाजवतो. अंकलना शाल नको आहे. त्यांना स्वतःचा सूर ऐकू येईल अशी खुर्ची हवी आहे.

पुढच्या रविवारी नालासोपाऱ्यात कार्यक्रम आहे. मॉनिटर नकोत आणि ट्रॅकही नको, असे आम्ही यजमानांना आधीच कळवले आहे. त्यांनी विचारले, "मग आवाज पुरेल ना?" आम्ही त्यांना शनिवारी संध्याकाळी तालमीला बोलावले आहे.