वाफसा नव्हता, तरी शर्यत झाली

परवाच्या रविवारी विष्णुपुरीच्या शिवारात माऊंटन बाईकची शर्यत झाली. फोटो तुम्ही पाहिलेच असतील. त्यातल्या एका फोटोत तोंडापासून बुटापर्यंत चिखलानं माखलेला, सायकल खांद्यावर घेतलेला, थोडं पोट सुटलेला जो इसम आहे, तो मी. लाईक भरपूर आले. "सर, वाघ!" अशाही कमेंट आल्या. आभार. पण त्या फोटोखाली जे लिहायचं राहिलं ते आज लिहितो. आयोजक ओळखीचेच आहेत, नाराज होतील. होऊ द्या.

पहिला टप्पा माळावरचा होता. विद्यापीठाच्या बाजूला, लातूर रोडला लागून जो माळ आहे तिथं मुरूम आहे. पाऊस पडला तरी पाणी थांबत नाही. तिथं मजा आली, खोटं कशाला बोलू! दुसरा टप्पा मात्र खाली गोदाकाठच्या काळ्या रानातून, पांदणीनं. आदल्या दोन्ही रात्री पाऊस झालेला. आता आपली काळी माती काय चीज आहे हे इथं जन्मलेल्याला सांगायला नको. पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते आणि ओली असताना एकदा चाकाला धरली की सोडत नाही. शंभर पावलांत टायर दुप्पट जाड झालं. मग चिखल पुढच्या फोर्कमध्ये जाऊन बसला आणि चाक फिरायचंच थांबलं. ब्रेक न दाबता ब्रेक. काडीनं खरवडायचं, दहा हात जायचं, पुन्हा खरवडायचं. बाहेरून आलेल्या एका पोराचा मागचा गिअर चेनमध्ये चिखल अडकून थेट चाकात गेला आणि मोडला. त्याची सायकल माझ्या मोटारसायकलपेक्षा महाग होती, बिचारा रडायला आला. मी शेवटी सायकल खांद्यावर घेतली. फोटोतलं शौर्य म्हणजे एवढंच.

तिथंच पांदणीच्या कडेला एक आजोबा बैल धरून उभे होते. आमची रांग जाईपर्यंत शिट्टीवाल्या स्वयंसेवकानं त्यांना थांबवलं होतं. त्यांच्याच वाटेवर! मी दम खायला टेकलो तर म्हणाले, "पत्रकार सायेब, तुमी तर शिकलेले मान्सं. वापसा नसताना कोनी घुसतंय का असं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पाऊस उघडला तरी शेतकरी वाफशाची वाट बघतो, तोवर रानात औत घालत नाही. ओली माती तुडवली की दाबून घट्ट बसते, पुढं सगळी ढेकळं. वाटेचंही तेच. एकाच ओळीतून एवढ्या सायकली गेल्या, मागून आयोजकांची जीप गेली आणि वीतभर खोल चाकोऱ्या पडल्या. ऊन पडलं की त्या विटेसारख्या वाळणार. याच वाटेनं पुढं सोयाबीनची पोती काढायचीत, याच वाटेनं आखाड्यावरची पोरं चप्पल हातात घेऊन शाळेला जातात. पोस्टरवर लिहिलं होतं, 'चिखलाचा थरार अनुभवा'. आम्ही तो तीन तास अनुभवला, फी भरून, वर मेडल घेऊन. नंतर पोहे, चहा आणि घरी गरम पाण्यानं अंघोळ.

बरं, हे काही माझ्यासारख्या हौशी माणसाचं रडगाणं नाही. इंटरनॅशनल माऊंटन बायसिकलिंग असोसिएशनचा, म्हणजे याच खेळाच्या लोकांचा, जुना नियम आहे की वाट मऊ आणि ओली असेल तर तिथं चालवू नका, दुसरीकडं जा, मागे खुणा सोडू नका. आपण हेल्मेट परदेशातून आणलं, जर्सी आणली, नियम तेवढा तिकडंच ठेवला.

खरा राग मात्र मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. शर्यतीच्या आठ दिवस आधी त्या पांदणीत जेसीबी आला. दोन्ही अंगाच्या येड्या बाभळी निघाल्या, वाटेत टाकलेले दगड हटले. पाहुण्यांची गाडी जिथपर्यंत जाणार होती तिथपर्यंत मुरूमही पडला. तिथून पुढं नाही! याच पांदणीसाठी गावकऱ्यांचा अर्ज सहा वर्षं फिरतोय. कधी मोजणी झालेली नाही, कधी बांधाचा वाद, कधी निधी नाही. मग आता कसं जमलं? दगड तेच, बाभळी त्याच, बांधकरीही तेच.

कायदा नाही असंही नाही. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदारानं ती मोकळी करून द्यावी, यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. इंग्रजाच्या काळातला! बांधावरून वाट मागायला जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ आहे. २०२१ ला मातोश्री पाणंद रस्ते योजना आली. २०२५ ला शासन निर्णय निघाला की शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद हवा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात घ्यावी. कागद भरपूर आहेत. त्या कागदांनी सहा वर्षांत जे केलं नाही ते एका शर्यतीच्या बॅनरनं आठ दिवसांत केलं. मोठ्या शहरात तरी वेगळं काय? २०२६ च्या जानेवारीत पुण्यात ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, तर तिच्या मार्गावरचे रस्ते आधी चकाचक करून घेतले गेले. पाहुणे आले की घर सारवायचं, ही आपली जुनी खोड.

आता काही जण म्हणतील, हा खेळाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. संगमनेरची प्रणिता सोमण याच खेळात देशात पहिली येते, मग आपल्या विष्णुपुरीची, लोह्याची, मुखेडची पोरगी का येऊ नये? सराव करायला माळ आहे ना. शर्यत माळावर घ्या. काळ्या रानातूनच न्यायची असेल तर दिवाळीनंतर घ्या, माती वाळल्यावर. ज्यांच्या वाटेनं जायचं त्यांना आधी ग्रामसभेत विचारा, आणि चाकोऱ्या पडल्या तर फीच्या पैशातून मुरूम टाकून बुजवा. आयोजकांना मी हे फोनवर बोललो. "बघू, पुढच्या वर्षी," म्हणाले.

आजोबा निघताना काय म्हणाले ते सांगायचं राहिलं. "पुढच्या साली बी ठिवा म्हनावं शर्यत. तेवढ्याच बाभळी निघतील."

मी माझं मेडल आयोजकांकडं परत दिलंय. गावकऱ्यांचा जुना अर्ज, त्या शासन निर्णयाची प्रत आणि जेसीबी चालू असतानाचे दोन फोटो जोडून नवा अर्ज काल दिला. पोच घेतली आहे. पंधरा दिवसांनी काय झालं ते इथंच लिहीन.