चाप ओढला की झालं?

रविवारी रात्री मेस बंद असते. त्यामुळे हॉस्टेलवरचे सगळे मोठे वाद रविवारी रात्री गेटबाहेरच्या अंडाभुर्जीच्या गाडीवर होतात, हा माझा तीन वर्षांचा अनुभव आहे. सचिन मोठा की विराट, मेकॅनिकल बरं की कॉम्प्युटर, रेक्टर सर रात्री खरंच राउंडला येतात की ती नुसती अफवा... सगळ्यांचा निकाल तिथेच लागतो. म्हणजे लागत नाही, पण भुर्जी संपते.

गेल्या दिवाळीनंतर या गाडीवर एक नवाच विषय निघाला. माझ्या रूम पार्टनरचा आतेभाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. सुट्टीवर आला होता, परत जाताना आम्हाला भेटून गेला. तिकडे ऑफिसातल्या लोकांबरोबर तोही हरणाच्या शिकारीला जातो. रीतसर परवाना काढून बरं का! मोबाईलवर त्याने एका हत्याराचा फोटो दाखवला. बंदुकीचा दस्ता, बंदुकीचा चाप, आणि पुढे नळीच्या जागी आडवं बसवलेलं धनुष्य. याला क्रॉसबो म्हणतात. आणि तिकडे म्हणे गेली कित्येक वर्षं यावरून भांडण चालू आहे की, धनुष्यबाणाच्या शिकारीच्या हंगामात हा क्रॉसबो चालू द्यायचा की नाही.

आम्ही सगळे हसलो. माझा रूम पार्टनर मात्र हसला नाही. तो कडेगाव तालुक्यातला. तो म्हणाला, "दादा, तुमच्याकडं हरणं मारायला सीझन असतोय, आणि भांडण कशावरनं, तर धनुष्य उभं का आडवं! आमच्याकडं या की एकदा. निम्मा मका खाल्ला हरणांनी. आम्ही रात्रभर बॅटरी घेऊन नुसतं हुर्र हुर्र करतोय."

दादा गेला, पण तो विषय काही माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून हा लेख.

आधी तिकडचं भांडण नीट समजून घेऊ, कारण ते वाटतं तेवढं हास्यास्पद नाही. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम नोव्हेंबरमध्ये फक्त नऊ दिवसांचा असतो. धनुष्यबाणाचा मात्र सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे साडेतीन महिने! एवढी मेहेरबानी का? तर धनुष्याने हरीण मारणं अवघड आहे म्हणून. वीस-तीस मीटरपर्यंत जवळ जावं लागतं, वाऱ्याची दिशा बघावी लागते, वर्षभर सराव लागतो, आणि एवढं करून बहुतेक लोक रिकाम्या हाताने घरी येतात. थोडक्यात हा एक सौदा आहे. तुम्ही अवघड हत्यार घ्या, आम्ही तुम्हाला जास्त दिवस देतो.

या सौद्यात क्रॉसबो शिरला. आधी फक्त अपंगांना आणि ६५ वर्षांपुढच्या लोकांना परवानगी होती. त्याला कुणाचीच हरकत नव्हती, असूही नये. मग २००९ मध्ये मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियाने आणि २०१४ मध्ये विस्कॉन्सिनने तो धडधाकट माणसांनाही मोकळा केला. काही वर्षांतच विस्कॉन्सिनमध्ये क्रॉसबोने मारलेल्या हरणांची संख्या उभ्या धनुष्याच्या पुढे गेली. जुने धनुर्धारी चिडले. त्यांचं म्हणणं, ही तार लावलेली बंदूक आहे, हिला आमचा हंगाम का? समोरच्यांचं म्हणणं, तुमचं कंपाउंड धनुष्य तरी कुठे रामाच्या काळातलं आहे? त्यालाही कप्प्याच आहेत की!

इथे आपण इंजिनिअरिंगवाले आहोत म्हणून थोडं यंत्रशास्त्र. (सेकंड इयरवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, ते एरवीही सोडतातच.) साधं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होत जातं. पूर्ण ओढलं की सगळ्यात जास्त ओझं, आणि नेमका नेम धरायचा तो त्याच क्षणी. हात थरथरायला लागतात. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात हॉलिस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने धनुष्याच्या टोकांना विकेंद्री कप्प्या बसवल्या. त्यामुळे ओढताना मधे पूर्ण जोर लागतो, पण शेवटी कप्पी फिरली की हातावरचं ओझं ६५ ते ८० टक्क्यांनी उतरतं. ६० पौंडांचं धनुष्य हातात १२ ते २१ पौंडांचंच उरतं. हेच कंपाउंड. पण उरतं तरी! हात, खांदा, पाठ, श्वास सगळं अजून तुमचंच लागतं.

क्रॉसबोमध्ये उरतं शून्य. पाय रिकिबीत अडकवून दोरीने किंवा हँडलने तार मागे खेचायची, ती खटक्यात अडकली की तुम्ही मोकळे. तार १५०-२०० पौंडांची असली तरी ती खेचली जाते थोड्याच अंतरात, त्यामुळे ऊर्जा आकड्यावरून वाटते तितकी प्रचंड नसते (बल-विस्थापन आलेखाखालचं क्षेत्रफळ, आठवा!). म्हणजे 'क्रॉसबोने दोनशे मीटरवरून हरीण पाडतात' वगैरे गप्पाच. बाण सेकंदाला समजा ११० मीटर गेला तर ४० मीटरला त्याला सुमारे ०.३६ सेकंद लागतात. तारेचा आवाज तिथे ०.१२ सेकंदात पोहोचतो. हरणाला दचकायला जवळजवळ पाव सेकंद मिळतो, आणि हरणाला पाव सेकंद म्हणजे पुष्कळ झाला. अंतराच्या बाबतीत क्रॉसबोवाल्यांची बाजू खरी आहे, ती बंदूक नव्हे.

पण माझ्या मते खरा मुद्दा अंतराचा नाहीच. धनुष्यवाल्याला हरीण समोर आल्यावर तार ओढावी लागते. हात हलतो, हरणाची मान वर होते, खेळ संपतो. सगळी अवघड गोष्ट त्या दोन सेकंदांत आहे. क्रॉसबोवाला तार सकाळी घरून निघाल्यावर ओढून बसलेला असतो. हरीण आल्यावर त्याला एक बोट हलवायचं असतं. म्हणजे ज्या अवघडपणाबद्दल साडेतीन महिने दिले होते, नेमका तोच त्याने काढून टाकला, पण साडेतीन महिने ठेवून घेतले. गंमत बघा, संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य आणि मराठीत चाप म्हणजे बंदुकीचा घोडा. एका शब्दात दोन्ही मावतात, पण एका हंगामात मावत नाहीत.

मग यंत्राला हाकलूनच द्यायचं का? नाही. याचं उत्तर आपल्या साताऱ्यातच आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. अंतिम सामन्यात तिने मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत पहिला आला, १५० पैकी १५० गुण! तोही सराव करायचा साताऱ्यातच, प्रवीण सावंत सरांकडे. दोघांचंही हत्यार कंपाउंड. तेव्हा आपल्याच हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये एक महाशय म्हणाले होते, "त्यात काय, कप्पीवालं धनुष्य आहे, भिंग आहे, ते मारतंयच." मी त्यांना एवढंच विचारलं की, ५० मीटरवरून पंधरा बाणांपैकी चौदा बाण तुमच्या मेसच्या वाटीएवढ्या वर्तुळात मारून दाखवता का? हत्यार सगळ्यांचं सारखंच होतं ना! मग सोनं तिलाच कसं मिळालं?

आणि बघा, तिरंदाजीच्या जागतिक संघटनेने भांडण कसं सोडवलं. कंपाउंडला हाकललं नाही आणि साध्या धनुष्यात मिसळलंही नाही. १९९५ पासून जागतिक स्पर्धेत त्याचा वेगळा गट आहे. साध्या धनुष्याला म्हणजे रिकर्व्हला ७० मीटर, कंपाउंडला ५० मीटर आणि लहान लक्ष्य. सोपं झालं त्या प्रमाणात दुसरीकडून अवघड केलं. ऑलिम्पिकला कंपाउंड इतकी वर्षं नव्हतं, आता २०२८ च्या लॉस एंजेलिसला मिश्र सांघिक प्रकारात येणार आहे, तेही स्वतःच्या गटात. तेव्हा विस्कॉन्सिनवाल्यांना माझा फुकट सल्ला: म्हाताऱ्यांना आणि अपंगांना पूर्ण हंगाम ठेवा, बाकीच्या क्रॉसबोवाल्यांना त्यांचा स्वतःचा, कमी दिवसांचा हंगाम द्या. हत्यार बदललं की सौदा पुन्हा मांडायला हवा, बस्स.

इथपर्यंत मी रूममध्ये मोठ्या रुबाबात वाचून दाखवलं. रूम पार्टनर म्हणाला, "छान. आता आमच्या मक्याचं सांग."

साताऱ्यात धनुष्य आहे, सांगलीत हरणं आहेत, आणि दोघांची भेट कायद्याने होत नाही. ते योग्यच आहे. एकेकाळी आपल्याकडेही हत्यारांची चर्चा होती. कोल्हापूर संस्थानात तर पाळलेले चित्ते काळविटामागे सोडत, म्हणजे हत्यार चार पायांचंच! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला परवान्याची शिकार होती आणि वाहनातून नको, रात्री दिवा टाकून नको, विष नको, फास नको अशी बंधनं होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच बंद झाली. अमेरिकेत हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास आहे असा अंदाज सांगतात, त्यांना हंगाम परवडतो. आपलं सागरेश्वर अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर! तेही आयतं मिळालेलं नाही. बोडक्या डोंगरावर झाडं लावून, धों. म. मोहित्यांसारख्या माणसाने आयुष्य घालवून, बाहेरून हरणं आणून ते उभं राहिलं आणि १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. सांबर, चितळ, काळवीट. तिथे कुणी धनुष्य घेऊन हंगाम मागितला तर मी पहिला विरोध करीन.

पण हाही एक सौदाच होता ना! हरणं कुंपणाच्या आत, पिकं बाहेर. शेतकऱ्याने हत्यार उचलायचं नाही, आणि त्याच्या पिकाची काळजी सरकारने घ्यायची. कुंपणाबाहेर आलेली हरणं पिकात शिरतात ही त्या भागातली जुनी तक्रार आहे. शेतकऱ्याने आपली बाजू पाळली. दुसऱ्या बाजूचं काय? माझ्या रूम पार्टनरच्या वडिलांनी एकदा भरपाईचा अर्ज केला. सातबारा, फोटो, पंचनामा, मग साहेब रजेवर, मग पुन्हा पंचनामा, तोवर रान नांगरून झालेलं. चार हेलपाट्यांचं एस.टी. भाडं आणि बुडालेला रोज धरला तर हातात काय उरलं ते त्याने मला सांगितलं, पण छापू नको म्हणाला.

आणि सौदा मोडला की माणूस हत्यार शोधतो. शेतकऱ्याकडची हत्यारं बघा: बुजगावणं, फटाके, डबे, बांधावर जुन्या साड्यांचं कुंपण. (काकूंची लग्नातली साडीसुद्धा बांधावर गेली, असं हा सांगतो, हसत.) त्याच्या पुढची पायरी भयंकर आहे, आकडा टाकून तारेत थेट करंट सोडणं. त्यात हरीण मरतं, डुक्कर मरतं, आणि पहाटे पाणी धरायला गेलेला शेजारीही मरतो. सोलर कुंपणात झटका सेकंदातून एकदा, हजारांश सेकंदाचा असतो. जनावर पळतं, मरत नाही. २३० व्होल्टच्या थेट तारेत स्नायू आखडतात आणि हात सुटतच नाही. हा फरक आपल्या इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही मुलाला कळतो. गावात जाऊन तो कुणी सांगितलाय?

आता थोडं आपल्या स्टाफला, रागावू नये. फायनल इयरला दरवर्षी पाच-सहा ग्रुप रेघेवरून चालणारा रोबो करतात. करतात म्हणजे पुण्याहून तयार आणतात, हे सरांनाही माहीत असतं. त्याऐवजी एका तरी ग्रुपला कुंपणाचा प्रोजेक्ट द्या ना. पन्नास मीटरच्या टप्प्यात तार कुठे तुटली हे मालकाच्या मोबाईलवर कळवणारं, पावसात टिकणारं, गावातल्या वायरमनला दुरुस्त करता येईल असं काहीतरी. आय.सी. दोनच लागतील, पण शेतात जावं लागेल, चिखलात उभं राहावं लागेल. रेडिमेड मिळत नाही, हीच त्यातली अडचण आणि हाच त्यातला फायदा.

दुसरी विनंती डिफॉल्टर लिस्टबद्दल. पीक काढणीला आलं की आपल्या हॉस्टेलमधली काही मुलं शनिवार-सोमवार गायब असतात. सगळेच पिक्चरला जात नाहीत. माझा रूम पार्टनर शनिवारी दुपारच्या एस.टी.ने जातो, दोन रात्री माळ्यावर बसून राखण करतो आणि सोमवारी पहिल्या लेक्चरला पोचत नाही. गेल्या टर्मला फक्त तेवढ्यावरून त्याचं नाव बोर्डावर लागलं. वडिलांचं वय आता रात्र जागवायचं राहिलेलं नाही, म्हणून हा जातो.

हा अंक हातात येईल तेव्हा हरभरा घाट्यावर आला असेल, म्हणजे तो पुन्हा माळ्यावर असेल. त्याची फ्लुइड मेकॅनिक्सची जर्नल माझ्या टेबलावर आहे. ज्या सरांना तपासायची असेल त्यांनी मागून घ्यावी. पूर्ण आहे, आणि आकृत्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत.