धाक नको, माहिती द्या

मा. जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त आणि आरोग्य विभागाचे अधिकारी, भोपाळ यांस,



साथ आली की कचेऱ्यांतून आधी दंडाचे आदेश निघतात. धाक असल्याशिवाय माणसे एकमेकांना जपणार नाहीत, असे आपण धरून चालता. जवाहर चौकात राहणाऱ्या मला हे पटत नाही. 1984ची वायुगळती पाहिलेल्या शहराला तर ते शोभतही नाही.

त्या डिसेंबरच्या रात्री भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी प्रवाशांनी भरलेली गाडी वरच्यांच्या हुकमाची वाट न पाहता वेळेआधी सोडली. आसपासच्या स्टेशनांना कळवून भोपाळकडे येणाऱ्या गाड्या थांबवायला लावल्या. घसा जळत होता, घरची माणसे शहरातच होती, तरी ते जागचे हलले नाहीत. समोरची माणसे आपल्या भरवशावर आहेत हे त्यांना दिसत होते आणि ती कशाने वाचतील हेही कळत होते.

वायू सुटलेल्या कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरातल्या आयाबापांची माया काय कमी होती? पण आत कोणते विष साठवले आहे, ते सुटले तर तोंडावर ओले फडके धरावे, एवढेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. लेकरे उचलून ते धावत सुटले आणि धाप लागली तसा वायू छातीत अधिकच गेला.

धाकाने काय होते, तेही पाहा. 1897च्या प्लेगात पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या सोल्जरांनी घरांच्या झडत्या घेतल्या, तेव्हा लोकांनी रोगी लपवले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मात्र रोग्यांना आपला मुलगा यशवंतराव यांच्या दवाखान्यात नेत होत्या. त्यातच प्लेग होऊन त्या गेल्या.

मार्च 2020 मध्ये गॅसपीडितांसाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल फक्त कोविडसाठी राखले गेले. जुन्या रुग्णांना बाहेर पडावे लागले. पुढच्याच महिन्यात तो आदेश मागे घ्यावा लागला. ज्यांची फुप्फुसे आधीच अधू, त्यांना आधी विचारले असते तर ही वेळ आली नसती.

म्हणून मागणी साधी आहे. धोका कळेल त्या दिवशी तो लोकांना सांगा, अर्धवट कळला असेल तर तसेच सांगा. प्रत्येक वॉर्डात एकटे म्हातारे, दमेकरी, गरोदर बायका यांची विचारपूस कोण करणार, हे आशाताई आणि रहिवाशांनी बसून आधीच ठरवू द्या. गॅसपीडितांच्या संघटनांना त्या बैठकीत बसवा. आणि पुढची मॉक ड्रिल आमच्या चौकात घ्या, रिक्षावाले, भाजीवाले, शाळेतली मुले यांना सोबत घेऊन. आम्ही येऊ.

आपला,
जवाहर चौकातील एक रहिवासी